लाल पुढे, निळा मागे, की उलटं?



आपल्याकडे वाद मिटवायचा एक ठरलेला मार्ग आहे. भाजीतल्या मिठापासून सुनेच्या नोकरीपर्यंत कशावरही दोन मतं पडली की घरातलं कोणीतरी मोठं माणूस म्हणतं, "अहो, आपला अनेकान्तवाद आहे ना! प्रत्येकाचं आपापल्या जागी बरोबर." झालं, विषय संपला. सगळे आपापल्या कामाला लागतात आणि ज्याला काही सांगायचं होतं तो गप्प बसतो.

माझं मत असं आहे की हे वाक्य म्हणजे अनेकान्ताच्या नावावर खपवलेला आळस आहे. "तुझंही खरं, माझंही खरं" एवढं म्हणून अनेकान्त संपत नाही, तिथून तो सुरू होतो. हे समजावून द्यायला मला आजवर सापडलेलं सगळ्यात सोपं उदाहरण पोथीतलं नाही. ते लाल आणि निळ्या रंगाचं आहे, आणि ते तुम्हाला घरी बसून करून बघता येतं.

मोबाईलवर पूर्ण काळा पडदा घ्या. त्यावर एक भडक लाल चौकोन आणि शेजारी एक भडक निळा चौकोन काढा. खोलीतला दिवा मंद करा, मोबाईल दोन-तीन हात लांब ठेवा आणि दोन्ही डोळ्यांनी शांतपणे पाहा. बऱ्याच जणींना लाल चौकोन काचेच्या जरा पुढे आल्यासारखा दिसेल आणि निळा आत गेल्यासारखा. काहींना नेमकं उलटं दिसेल, निळा पुढे आणि लाल मागे. आणि काहींना दोन्ही एकाच पातळीवर दिसतील, त्यांना हा काय प्रकार आहे तेच कळणार नाही. चित्र एकच, काच सपाट, आणि घरातल्या चार माणसांत तीन उत्तरं.

आमच्याकडे फाल्गुनातल्या अष्टाह्निकेत सिद्धचक्र विधानाचं मंडल काढताना हेच झालं होतं. रंगीत रांगोळीची वलयं भरून झाली, वरून हॅलोजनचा दिवा लावला. गडद निळ्या वलयाला लागून लाल वलय होतं. एक काकू म्हणाल्या, "लाल जास्त भरलंय गं, उचलून आलंय, थोडं खरवडून काढा." दुसऱ्या म्हणाल्या, "छे, निळंच वर आलंय, लाल खड्ड्यात आहे." एक ताई म्हणाली, "तुम्ही दोघी काय बोलताय? सगळं सारखंच आहे की." शेवटी कोणीतरी पोराच्या दप्तरातली पट्टी आणून आडवी धरली. रांगोळी कुठेही जास्त नव्हती, कुठेही कमी नव्हती. मग एक आजी नेहमीचं वाक्य बोलल्या, "जाऊ द्या, सगळ्यांचंच बरोबर," आणि सगळ्या पूजेच्या तयारीला लागल्या.

पण सगळ्यांचंच बरोबर कसं? पट्टी तर सपाट सांगत होती. आणि तरीही त्या तिघींतली एकही खोटं बोलत नव्हती. हे कोडं सोडवल्याशिवाय पुढे जाणं मला पटत नाही, कारण त्याचं उत्तर आहे आणि ते बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे.

आपले दोन डोळे साधारण सहा सेंटीमीटर अंतरावर आहेत. त्यामुळे प्रत्येक डोळ्याला समोरचं जग किंचित वेगळं दिसतं. एक बोट नाकासमोर धरून आळीपाळीने डोळे मिटा, बोट मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतं. या दोन चित्रांतल्या फरकावरून मेंदू ताडतो की बोट जवळ आहे आणि भिंत लांब. हा हिशेब इतका झटपट होतो की आपल्याला तो जाणवतही नाही.

आता रंगाचं. इंद्रधनुष्यात रंग वेगवेगळे होतात, कारण निळा प्रकाश जास्त वाकतो आणि लाल कमी. आपल्या डोळ्यातलं भिंगही तेच करतं. चष्म्याच्या भाषेत सांगायचं तर जांभळ्या टोकापासून लाल टोकापर्यंत डोळ्यात जवळजवळ २ नंबरचा फरक पडतो. म्हणजे लाल आणि निळं एकाच वेळी नीट नेमावर येऊच शकत नाही. त्यातच आपला डोळा काही कंपासने आखलेला नाही. डोळ्यातल्या पडद्यावर जिथे सगळ्यात स्पष्ट दिसतं ती जागा बरोबर मधोमध नसते, बहुतेकांची ती कानाच्या बाजूला सरकलेली असते. आपण ज्या रेषेत पाहतो ती रेषा आणि डोळ्याच्या भिंगांची मधली रेषा यांत साधारण ५ अंशांचा कोन असतो. त्यामुळे प्रकाश डोळ्यात थोडा तिरका शिरतो, आणि तिरका शिरला की लाल आणि निळ्याची चित्रं पडद्यावर जराशी वेगळ्या जागी पडतात. बहुतेकांच्या दोन्ही डोळ्यांत लाल चित्र किंचित कानाकडे सरकतं आणि निळं नाकाकडे. खरोखर जवळ असलेल्या वस्तूचं चित्रही असंच कानाकडे सरकत असतं. मेंदूला बिचाऱ्याला रांगोळी माहीत नाही, तो आपला नेहमीचा हिशेब करतो आणि सांगतो, लाल जवळ आहे.

ज्यांच्या डोळ्याची बाहुली त्या रेषेच्या मानाने नाकाकडे सरकलेली असते त्यांचा हिशेब उलटा येतो, त्यांना निळा पुढे दिसतो. ज्यांची जवळपास समोरासमोर असते त्यांना काहीच वरखाली दिसत नाही. आपली उंची, नाक, पायाचं माप वेगवेगळं असतं तशीच ही डोळ्याची ठेवण. यात कोणाचा दोष नाही आणि कोणाची हुशारीही नाही.

हे कोडं ज्यांनी नीट सोडवलं ते डॉक्टर आपल्या चांगल्या ओळखीचे आहेत, नुसतं नाव माहीत नसतं. छातीत दुखलं की आपण ज्याच्यासाठी धावतो तो ईसीजी विलेम आइंटहोवन यांनी विकसित केला आणि त्यासाठी त्यांना १९२४ सालचं नोबेल मिळालं. पण त्याच्या खूप आधी, १८८५ मध्ये, नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेटचा जो प्रबंध लिहिला तो याच विषयावर होता: रंगांच्या फरकामुळे सपाट गोष्टीत खोली का दिसते.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, "म्हणजे झालंच की! ज्याचा त्याचा डोळा, ज्याचं त्याचं खरं." थांबा. खरी गंमत पुढे आहे.

पत्त्यांच्या कॅटमधले दोन पत्ते घ्या. लाल-निळ्या चौकोनांकडे पाहत असताना दोन्ही पत्ते कानाच्या बाजूने हळूहळू डोळ्यांपुढे आणा, प्रत्येक बाहुलीचा बाहेरचा अर्धा भाग झाकला जाईल इतके. ज्यांना लाल पुढे दिसत होता त्यांतल्या बऱ्याच जणींना आता लाल मागे जाताना दिसेल आणि निळा पुढे येताना. आता पत्ते नाकाच्या बाजूने आणून आतला अर्धा भाग झाका, लाल पुन्हा पुढे येईल. हात स्थिर ठेवायला थोडा सराव लागतो, पण जमतं. मग एक डोळा पूर्ण मिटून पाहा. ही पुढे-मागेची भानगडच गेली, कारण तुलना करायला दुसरं चित्र उरलं नाही.

म्हणजे एकाच बाईला, एकाच मिनिटात, एकाच चित्रात दोन्ही उत्तरं मिळाली. "ज्याचं त्याचं" म्हणायला आता दुसरं माणूसही लागत नाही! बदलली ती पाहण्याची अट. पार्श्वभूमी काळीऐवजी पांढरी केली तरी काहींचं उत्तर उलटतं. खोलीतला उजेड कमी-जास्त केला की बाहुली लहान-मोठी होते आणि फरक पडू शकतो. जाड नंबरचा चष्मा असेल तर भिंगाच्या मधून पाहणं आणि कडेने पाहणं यांतही फरक पडतो. मोतीबिंदूचं एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या आजी-आजोबांना विचारा. आळीपाळीने डोळा झाकला की नव्या भिंगाच्या डोळ्याने निळा रंग लख्ख दिसतो आणि जुन्या डोळ्याने पिवळट, मळका. घरात राहूनही त्यांची दोन जगं झालेली असतात.

आता आपल्या "स्यात्" या शब्दाकडे या. बरेच जण त्याचा अर्थ "कदाचित" असा घेतात आणि मग स्याद्वाद म्हणजे काहीच ठाम न सांगणं, असा समज होतो. आपल्या आचार्यांनी तो तसा घेतलेला नाही. स्यात् म्हणजे कथंचित्, अमुक एका अपेक्षेने. त्या अपेक्षेने केलेलं विधान पक्कं असतं, डळमळीत नसतं. "काळ्या पार्श्वभूमीवर, दोन्ही उघड्या डोळ्यांनी, मला लाल पुढे दिसतो," हे विधान शंभर टक्के खरं आहे. "लाल पुढे आहे," हे अपुरं आहे. आणि "सगळ्यांचंच बरोबर," हे तर त्याहून अपुरं, कारण त्यात कोणाचीच अपेक्षा सांगितलेली नाही.

तत्त्वार्थसूत्रात जाणण्याची साधनं म्हणून प्रमाण आणि नय अशी दोन्ही सांगितली आहेत. नय म्हणजे एका बाजूने पाहणं. काकूंचा डोळा हा नय. पट्टी लावून, पत्ते धरून, एक डोळा मिटून, सगळ्या बाजूंनी तपासून जे हाती येतं ते प्रमाणाच्या दिशेने जातं. रांगोळी सपाट आहे हे खरं, आणि काकूंना ती उंच दिसते हेही खरं. पण ही दोन सत्यं एका जातीची नाहीत. एक रांगोळीबद्दल आहे, दुसरं काकूंच्या डोळ्यांबद्दल. ती एकमेकांत मिसळली की भांडण होतं. वेगळी केली की दोन्ही जागेवर बसतात.

इथे हमखास हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट सांगितली जाते. मला ती या बाबतीत पुरेशी वाटत नाही. त्या गोष्टीत एक डोळस माणूस बाहेर उभा असतो ज्याला अख्खा हत्ती दिसतो. आपल्यातला प्रत्येक जण मनातल्या मनात स्वतःला तो डोळस समजतो आणि बाकीच्यांना आंधळे! लाल-निळ्याच्या उदाहरणात कोणीच आंधळं नाही. सगळ्यांना पूर्ण दिसतं, आणि तरी वेगळं दिसतं. म्हणून हे उदाहरण जास्त नम्र करतं.

सपाट चित्रातली प्रत्येक खोली अशीच असते असंही समजू नका. आपल्या परभणी जिल्ह्यातल्याच जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या गुहांमध्ये उभं राहा. दिवा सरकला की मूर्तीच्या खांद्यावरची सावली सरकते, आणि एक डोळा मिटला तरी मूर्तीची गोलाई कळते. त्याच मूर्तीचा फोटो काढला तर सपाट कागदावरही ती गोलाई बहुतेक सगळ्यांना सारखीच दिसते, कारण तिथे खोली सांगायचं काम उजेड-सावली करते, दोन डोळ्यांतला फरक नाही. उलट श्वेतांबर परंपरेतल्या कल्पसूत्राच्या जुन्या चित्रांत उजेड-सावली जवळपास नसतेच. लाल किंवा निळी सपाट जमीन आणि त्यावर स्वच्छ रेषांच्या आकृती. अशी चित्रं पाहून "चित्रकाराला खोली जमली नाही," असं म्हणणारे लोक भेटतात. त्या चित्रकाराला अंतर दाखवायचंच नव्हतं, त्याला कथा सांगायची होती. त्याची अपेक्षा न विचारता आपण आपली पट्टी त्याच्यावर लावतो.

हे सगळं बुद्धीची करमणूक म्हणून मी लिहीत नाहीये. "सगळ्यांचंच बरोबर" हे वाक्य कधी कधी नुकसान करतं, तेही लहान लेकरांचं.

आमच्या नात्यातल्या एका मुलीची गोष्ट. वय सहा. सिनेमाघरात तो खास चष्मा लावून सगळी मुलं पडद्यातून बाहेर येणारे मासे पकडायला हात पुढे करत होती. ही नुसती बसून होती. "मला काही पुढे येत नाहीये," म्हणाली. घरचे हसले. "तिला तसं दिसतं, तुला असं दिसतं, असतं एकेकाचं," असं म्हणून सोडून दिलं. पुढे शाळेत तपासणीचं पथक आलं तेव्हा एकेक डोळा झाकून वाचायला लावलं आणि कळलं की तिचा एक डोळा जवळजवळ काम करत नव्हता. याला डॉक्टर आळशी डोळा म्हणतात. चांगला डोळा सगळं काम ओढून नेतो, म्हणून मूल तक्रार करत नाही आणि धडपडतही नाही. तिला चष्मा लागला, रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायला सांगितली. वेळेत कळलं म्हणून बरं. सात-आठ वर्षांच्या आत उपचार सुरू झाले तर गुण चांगला येतो, उशीर होत जाईल तसं अवघड होत जातं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. लाल-निळा चौकोन पुढे-मागे दिसला नाही म्हणजे डोळ्यात काही बिघाड आहे, असं अजिबात नाही. कितीतरी निरोगी माणसांना तो सपाटच दिसतो. ही काही डोळे तपासायची परीक्षा नव्हे. मुद्दा एवढाच की "मला तसं दिसत नाही" या वाक्यामागे दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात: डोळ्याची साधी ठेवण किंवा डोळ्याचा खरा आजार. नुसतं "असतं एकेकाचं" म्हटलं तर दोन्ही एकाच पोत्यात जातात. एक डोळा झाकून विचारलं तर वेगळ्या होतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत मुलांची तपासणी होते, त्यात दृष्टीही पाहतात. त्या दिवशी मुलांना घरी ठेवू नका. आणि खासगी शाळेत जाणारं मूल असेल तर तीन-चार वर्षांचं झाल्यावर एकदा स्वतःहून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन आणा.

दुसरं नुकसान लहान आहे, पण रोजचं आहे. चातुर्मासाचे, पंचकल्याणकाचे फ्लेक्स पाहा. गडद निळ्यावर भडक लाल अक्षरं, वर सोनेरी झालर! ज्या तरुणाने संगणकावर ते केलं त्याला छान उठावदार दिसलं असेल. पण लाल आणि निळं एकदम नेमावर येत नाही हे वर सांगितलंच, त्यामुळे अनेकांना त्या अक्षरांच्या कडा थरथरल्यासारख्या दिसतात. म्हाताऱ्या माणसांना तर तारीख-वेळ वाचता येत नाही. मग त्या म्हणतात, "अक्षरं नाचतात बाई," आणि त्यांना उत्तर मिळतं, "आजी, डोळे तपासून घ्या." आजींचे डोळे ठीक असू शकतात. फ्लेक्स बदला. गडद निळ्यावर पांढरी किंवा पिवळी अक्षरं घ्या, छापायच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला लांबून वाचून दाखवायला सांगा. रंग निवडणाऱ्याचा डोळा हा एक नय आहे, वाचणाऱ्यांचे शंभर आहेत.

कोणी म्हणेल, एवढं विचारत बसायला वेळ कोणाला आहे? मला वाटतं वेळ लागत नाही, सवय लागते. घरात कोणी म्हणालं की "मला असं दिसत नाही," "मला तसं वाटत नाही," तर तीन प्रश्न पुरतात. तू कुठून पाहतेयस? मी तिथे येऊन पाहिलं तर मलाही तसंच दिसेल का? आणि दोघींनाही मान्य होईल अशी पट्टी कोणती? सुनेला सासरचं घर कसं दिसतं, सासूला सुनेचा मोबाईल कसा दिसतो, मुलाला बापाचा धंदा कसा दिसतो, इथेही हेच तीन प्रश्न चालतात. दर वेळी एकमत होईल असं नाही. पण आपण कशाबद्दल बोलतोय, रांगोळीबद्दल की आपल्या डोळ्यांबद्दल, एवढं तरी कळेल.

"सगळ्यांचंच बरोबर" म्हणणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं ऐकावं लागत नाही. अनेकान्त मानणाऱ्याला ते ऐकावं लागतं, उठून दुसऱ्याच्या जागी जाऊन उभं राहावं लागतं, आणि मग पट्टी लावायचं धाडसही करावं लागतं. कष्टाचं आहे. पण आपल्या तीर्थंकरांनी सोपं काही सांगितलंय कुठे?